हदगावची पायली

डाळ मोजताना माझं काहीही चुकलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण उदगीरला आमच्या गल्लीत अजून वेगळंच सांगतात.

नणंदेच्या बाळाचं बारसं होतं. मी आठवीतून शाळा सोडलेली, हदगावहून नांदेडला गाडी बदलून इतक्या लांब नांदायला आलेली. अशा सुनेवर सासूबाईंनी पुरणाचा कारभार सोपवला! उपकारानं डोळे भरले.

"दोन पायल्या हरभऱ्याची डाळ घे," आत्याबाई म्हणाल्या. (सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणते.)

आता दुकानदाराला पायली कळत नाही, किलो कळतो. पण हिशोबाला कोण भितंय? माहेरची पायली मी एकदा डाळीनं भरून रेशन दुकानाच्या काट्यावर ठेवली होती. सात किलो! मी ह्यांना ऐटीत सांगितलं, "चौदा किलो आणा."

"चौदा? अगं, बारसं हाय का जत्रा?"

"बारावी झालात म्हणून पायली कळती असं न्हाई!"

बिचारे पिशवी घेऊन गेले.

पहाटे डाळ भिजवली. पातेली संपली, बादली भरली, घमेलं भरलं. उरलेली डाळ बाळाच्या नव्या टबात घातली. (टब कोरा होता! वरचं स्टिकरसुद्धा निघालं नव्हतं!) मग डाळ फुगायला लागली. घमेल्यातून बाहेर आली, फरशीवर उतरली. तेवढ्यात नणंद बाळाला घेऊन दारात.

"वहिनी, ह्याला आंघोळ कुठं घालू? डाळीत?"

आत्याबाई धावत आल्या. "अगं बाई! पायली म्हंजी साडेतीन किलो. तू किती धरलीस?"

"सात. आमच्यात सातचीच असती."

"तुमच्या हदगावला पायलीत म्हैस बसती काय गं?"

झालं! मला बोलल्या असत्या तर मान खाली घातली असती. पण माहेरच्या पायलीला? मी पदर खोचला आणि बारशाला निघायच्या तयारीत असलेल्या मायला फोन लावला.

"माय, येताना कोठीजवळचा पत्र्याचा डबा आण. आपली पायली!"

"तो? अगं पण तो तर..."

"पण न्हाई न् बिण न्हाई! अब्रूचा सवाल हाय!" मी फोन कापला.

दुपारी माय आली, काखेत टॉवेलात गुंडाळलेला डबा. गल्लीतल्या बाया पोळ्यांची कणीक मळत बसल्या होत्या. सगळ्यांच्या देखत मी आत्याबाईंची पितळी पायली गव्हानं भरून डब्यात ओतली. डबा अर्धा! दुसरी ओतली. तेव्हा कुठं भरला!

"बघा! तुमच्या दोन, आमची एक!"

आत्याबाईंनी माझ्यापुढं मान डोलावली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा! उदगीरचा किल्ला पडला म्हणायचा.

"अगं, काय करून राहिलीस तू?" माय हळूच म्हणाली. (हळूच म्हणजे, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.) "आपली पायली तर कवाच हरवली. ह्या डब्यानं मी म्हशीला सरकी घालते!"

आत्याबाई इतक्या हसल्या की पाळण्यातलं बाळ दचकून उठलं. मग डोळे पुसत त्यांनीच शेजारपाजारची पातेली मागवली आणि पुरणाचा झारा पुन्हा माझ्याच हातात दिला. त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

पण माप माझं बरोबरच होतं. जेवायला म्हैस तेवढी कुणी बोलावली नव्हती!