दोर कापणाऱ्या बाई

कातळ चढायला निघालेली माणसं हातोडा नेतात, खिळे नेतात, पाणी नेतात. आमच्या बाई कात्री न्यायच्या. शिंप्याकडे असते तशी, लांब पात्यांची. राहात्याच्या मुलींच्या शाळेत त्या चित्रकला शिकवत. रविवारी पहिल्या एसटीने नगरला येत आणि आमच्या टोळक्याबरोबर डोंगरगणच्या बाजूच्या कातळांवर. नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस. टोळक्यात कारखान्यातले कामगार, कॉलेजची पोरं आणि माझ्यासारखे एक-दोन कारकून. बाई थोडंफार चढत, मग खाली येऊन मांडीवर बोर्ड घेऊन बसत.

चेहरे मात्र काढत नसत. खालून बघणाऱ्याला तळवे दिसतात, पोटऱ्या दिसतात, फार तर पाठ; बाई तेवढंच काढत. मी एकदा कुरकुरलो, की बाई, एखादं तरी तोंड काढा, घरी दाखवता येईल. त्या म्हणाल्या, "तोंड खाली आल्यावर बघतेच की. वर असताना पाठच जास्त बोलते." माझं पाठमोरं चित्रच मग मी घरी नेलं, तर आईने बघताक्षणी ओळखलं. म्हणाली, उभं राहायची ही वाकडी तऱ्हा दुसऱ्या कोणाची असणार?

नुसत्या पेन्सिलीवर बाईंचं भागत नसे. फाटके बूट, झिजलेले पट्टे, गुडघ्यावर गेलेली पँट, जे टाकायला निघालं ते त्या मागून घेत, कापत आणि गोणपाटावर शिवत. गोणपाटाचा कडा आणि त्यावर बुटांच्या तळव्यांची माणसं. ज्याचा माणूस त्याच्याच बुटाचा. आम्ही त्यांना भंगारवाल्याची वहिनी म्हणायचो, तोंडावर म्हणायचो, आणि त्या हसत हसत पुढचा बूट मागायच्या.

आमचा म्होरक्या तात्या. कोल्हारचा, घरी ऊस, नोकरी एमआयडीसीत. कडा चढावा तर त्यानेच. बोलायला फटकळ, पण दुसऱ्याच्या कमरेची गाठ स्वतः ओढून बघितल्याशिवाय कोणाला वर सोडायचा नाही. चढणाऱ्यांत एक नियम आहे: दोरावर माणूस जोरात पडला की तो दोर संपला. वरून कितीही धडधाकट दिसो, आतले धागे तुटलेले असू शकतात; त्यावर पुन्हा जीव टांगायचा नाही. हा नियम आम्हा सगळ्यांना पाठ होता आणि आम्ही कोणीच तो पाळत नव्हतो. दोर परदेशातून यायचा, ओळखीपाळखीने, वाट बघून बघून. एकच चांगला दोर होता आमच्याकडे. तात्या तो लेकरासारखा उन्हापावसापासून जपायचा.

त्या दोरावर मी पडलो. चांगला दणकून पडलो, थेट खालच्या खिळ्यापर्यंत. दोराने मला धरलं, म्हणून तर हे लिहितोय. तात्याने इकडून तिकडून सगळा दोर हातांनी चाचपला आणि चालतोय म्हणाला. महिन्याभरावर अकोले तालुक्यातल्या एका सुळक्याची मोहीम होती. तीन वर्षं तात्या तिच्यासाठी झुरत होता आणि सगळ्यांच्या आधी, त्याच दोरावर, तोच चढणार होता.

बाईंनी त्याच दिवशी चित्रासाठी बघायचाय म्हणून दोर मागून घेतला. तात्याने दिलाही, बाईंना कोण नाही म्हणणार? पुढच्या रविवारी त्यांनी पिशवी आमच्यासमोर उपडी केली. दोराचे हातभर लांबीचे तुकडे होते, सगळे उकललेले.

"आतून चांगला होता," त्यांनी आपणहूनच सांगून टाकलं.

तात्याचा चेहरा बघवत नव्हता. "बाई, तुमी दोर न्हाई, आमची मोहीम कापली," एवढंच बोलला.

"चांगला होता हे मला घरी कळलं," बाई म्हणाल्या. "वाईट असता तर तुम्हाला वर कळलं असतं."

मोहीम बारगळली. टोळक्यात एकच थट्टा चालली, की सिंहगडावर मावळ्यांनी दोर कापले ते निदान वर पोचल्यावर तरी! तात्या हसला नाही. त्याने बाईंशी बोलणं टाकलं. बाई तरी येत राहिल्या. जरा लांब बसत, आपलं काढत राहत. मी दोघांच्याही बाजूने होतो, म्हणजे दोघांच्याही शिव्या खात होतो.

त्या तुकड्यांचं बाईंनी मोठं चित्र केलं. गोणपाटावर तोच सुळका, दोराच्या धाग्यांची चढायची वाट, आणि वाटेवर माणूस नाही. शाळेच्या प्रदर्शनात लावलं होतं. मी तात्याला ओढूनच नेलं. तो त्या चित्रापुढे उभा राहिला आणि कितीतरी महिन्यांनी बाईंशी बोलला, तेही चूक काढायला. वाट डाव्या अंगानं जाती, म्हणाला. बाईंनी तिथेच कात्री काढली, टाके उसवले आणि त्याच्याकडून विचारून विचारून वाट डावीकडे शिवली. प्रदर्शन बघायला आलेल्या बायका दोघांकडे टकामका बघत होत्या.

पुढे यथावकाश नवा दोर आला. सुळका मात्र राहूनच गेला, आणि बाईंची बदली झाली, पार सोलापूरकडे. राहात्याच्या स्टँडवर आम्ही चार-पाच जण पोचवायला गेलो होतो. तात्याचा पत्ता नव्हता. मला त्याचा मनापासून राग आला. एसटी लागली, बाईंचं सामान चढलं, तेवढ्यात तो आला. खांद्यावर खताची गोणी. ती त्याने बाईंच्या पायाशी ठेवली आणि तिचं तोंड उघडलं. आत नवा दोर होता, सगळा तुकडे तुकडे केलेला.

"परवा पडलो त्याच्यावर," तात्या म्हणाला. "कात्री न्हवती. उसाच्या कोयत्यानं तोडला."

बाईंनी एक तुकडा उचलून हातात फिरवला. "आतून कसा निघाला?"

"उकलून बघितला न्हाई, बाई."