झाडलेली खार

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस नसतो. समोर खार, म्हणजे खाडीकाठची खाऱ्या मातीची भातशेती. कापणी होऊन गेलेली. घोट्याएवढं पाणी, त्यातून डोकावणारे भाताचे खुंट, मध्येच दोन-चार बांबू रोवलेले. पलीकडे मातीचा लांब बांध आणि त्यामागे वसईची खाडी. पार्श्वभूमीला कामणचे डोंगर, कुणीतरी निळा रंग पातळ करून रंगवल्यासारखे. पाण्यात बगळे उभे, लाल काठ्यांसारख्या पायांचे शेकाटे उभे, बांबूवर खंड्या बसलेला. मग डावीकडून एक उंच, काळासावळा माणूस खांद्यावर जाळं टाकून पाण्यातून चालत येतो, आणि एकही पक्षी उडत नाही.

चाळीस वर्षं नाटकांत काढल्यावर प्रवेश कसा घ्यावा हे थोडंफार कळतं. रंगमंचावर आधीपासून असलेल्यांना न हलवता प्रवेश घेणारे नट मी फार थोडे पाहिले. हा माणूस नट नव्हता. शत्रुघ्न त्याचं नाव. त्या दिवशी साठीच्या आसपासचा असेल.

मनवेलपाड्यात माझ्या खालच्या मजल्यावर चंद्रहास राहायचा. बँकेत नोकरी, गळ्यात दुर्बीण. त्याच्या नादानं मी त्या हिवाळ्यात, दोन हजार सालच्या, पहिल्यांदा खारीवर गेले. आम्हाला बांधावर बघून शत्रुघ्नभाऊंनी जाळं खाली ठेवलं.

"जमीन बघाया आलाव?"

"नाही हो," चंद्रहास म्हणाला, "पक्षी."

"ते इकायचे नाय."

एवढं बोलून ते गंभीर चेहऱ्यानं परत जाळ्याला लागले. ते हसत होते हे मला पाठीवरून कळलं. निघताना त्यांनी हाक मारून घरी नेलं. त्यांच्या पत्नीनं, जिजावहिनींनी, तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं सुकं वाढलं. मी नाटकात काम करायचे हे ऐकून त्या म्हणाल्या, "मग बाय, आमच्या ह्यांना जरा बोलाया शिकवा. दिवसभर बगल्यांशी बोलतात, घरात मुके."

खारीचं तंत्र त्या दोघांनीच मला सांगितलं. बांधात एक लाकडी फळ्यांची दारं असलेली मोरी असते, तिला उघाडी म्हणतात. पावसाळ्यात ती बंद ठेवून खारं पाणी बाहेर रोखायचं आणि भात पिकवायचं. कापणी झाली की भरतीला उघाडी उघडायची. खाडीचं पाणी आत येतं, त्याबरोबर मासळी येते, आणि मासळीमागे पक्षी. त्यांचे वडील हेच करत, आजोबाही हेच करत.

त्या खारीचा दुसरा मालक होता पुतण्या, भूपेश. भावाच्या माघारी अर्धा वाटा त्याचा. भूपेश वसईला एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला. वाईट मुलगा नव्हे, सरळ हिशेबी. शेजारच्या खारींत तोवर इमारतींसाठी लाल मुरुमाचा भराव पडू लागला होता, आणि आपलीही खार भरावाला द्यावी असं त्याचं म्हणणं होतं. काकांना ते नको होतं. नको का, हे मात्र त्यांना सांगता येत नव्हतं.

"काका, हे पक्षी बघायला लोक येतात म्हणता ना?" भूपेश शेवटी म्हणाला. "या हिवाळ्यात आणून दाखवा. आले, आणि परत यावंसं वाटलं त्यांना, तर मी भरावाचं नाव काढणार नाही. नाहीतर सही करायची."

शत्रुघ्नभाऊ 'बरं' म्हणाले. मनात त्यांनी ती शपथच मानली.

चंद्रहासनं फुलपाड्यातली आणि मनवेलपाड्यातली मंडळी जमवली. पौर्णिमेच्या जवळचा रविवार ठरला. मी सर्वांना त्या प्रवेशाचं इतकं वर्णन करून ठेवलं होतं की मनोरमाबाई, आमच्या शेजारीण, गुडघे दुखत असतानाही निघाल्या.

आम्ही पोचलो आणि मी बांधावरच थांबले.

खार झाडलेली होती. दुसरा शब्द नाही. पाण्याचा टिपूस नव्हता. चिखल वाळवून टणक केलेला, भाताचे खुंट उपटून टाकलेले, बांबू काढून एका बाजूला रचून ठेवलेले. बांधावरचं गवत कापलेलं. मध्ये छोटा मांडव, लाल खुर्च्यांच्या ओळी, खुर्च्यांपुढे रांगोळी. शत्रुघ्नभाऊ इस्त्रीचा सदरा घालून हात जोडून उभे होते. मागे भूपेश, पांढऱ्या पँटमध्ये, हाताची घडी घालून.

पक्षी एकही नव्हता. एक कावळा मांडवाच्या खांबावर बसला होता. तोही पाहुण्यांसारखाच आला असावा.

"हळदीकुंकू आहे का?" मनोरमाबाईंनी माझ्या कानात विचारलं.

लोक खुर्च्यांवर बसले. शत्रुघ्नभाऊंनी सर्वांना शहाळी दिली. मग तेही इतरांसारखेच आकाशाकडे बघू लागले. नाटकात सहकलाकार प्रवेश चुकवतो तेव्हा रंगमंचावर एकट्या उरलेल्या नटाच्या चेहऱ्यावर जे येतं, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. माणूस खाली मान घालत नाही, विंगेकडे बघत राहतो.

"येतील," ते म्हणाले. "रोज येतात."

भूपेशनं घड्याळ पाहिलं.

चंद्रहास हळूच उठून त्यांच्याजवळ गेला. "भाऊ, मागच्या वेळी इथे पाणी होतं ना?"

"होतं की. आठ दिस उघाडी बंद ठेवली, सगलं सुकवलं."

"का पण?"

"का म्हंजे?" त्यांना प्रश्नच कळेना. "पावने येनार. त्यांना चिखलात उभं करू काय? वास येतो त्या चिखलाला."

कुणीही हसलं नाही. पाहुणा येणार म्हटल्यावर घर झाडायचं, अंगण सारवायचं, हे ज्याच्या रक्तात आहे त्या माणसानं आपलं सर्वांत मोठं अंगण झाडलं होतं. चंद्रहास खजील होऊन आपल्याच चपलांकडे पाहू लागला.

जिजावहिनी तेवढ्यात चहाचं तपेलं घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "आमच्या लग्नात सुदा यांनी एवडं झाडलं नव्हतं," त्या म्हणाल्या. मग तपेलं खाली ठेवून नवऱ्याला जरा हळू आवाजात म्हणाल्या, "पन पावने कोन, ते आदी इचारायचं ना. हे बसलेत ते, का ते नाय आलेत ते?"

शत्रुघ्नभाऊंनी सदरा काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि ते बांधाकडे निघाले. खाडीत भरती लागलेली होती. पौर्णिमेच्या दिवसांत ती दुपारी पुरी भरते. उघाडीशी वाकून ते फळी ओढू लागले. फळी हलेना. पाहुण्यांसाठी थेंबभरही पाणी आत येऊ नये म्हणून त्यांनी ती चिकणमातीनं लिंपून टाकली होती, आणि लाकूड फुगलं होतं.

दोनदा, तीनदा ओढून झालं. साठीचा माणूस. छाती भात्यासारखी चाललेली.

"काका, सोडा आता," भूपेश म्हणाला.

"तू पन धर की जरा."

"मी?" त्यानं पँटकडे पाहिलं.

"तुजा बाप धरायचा."

भूपेश बूट काढून उघाडीपुढच्या न सुकलेल्या खळग्यात, गुडघाभर चिखलात उतरला. काका-पुतण्यांनी मिळून ओढ घेतली आणि फळी एकदम सुटली, तसे दोघेही मागे बसले. खाडी आत आली. जोरानं नव्हे, घरच्या माणसानं दार ढकलून यावं तशी. तडकलेल्या मातीच्या भेगा आधी भरल्या, मग पाणी पसरत पसरत आमच्या रांगोळीपर्यंत आलं. रांगोळी पाण्यावर तरंगली आणि विरून गेली. आम्ही खुर्च्या उचलून बांधावर गेलो, चपला हातात घेऊन. शत्रुघ्नभाऊंनी रचून ठेवलेले बांबू परत पाण्यात रोवले.

मग आम्ही वाट पाहिली. जिजावहिनींनी चहा दिला. कुणी बोललं तर चंद्रहास ओठांवर बोट ठेवायचा. खाडीकाठचा चिखल भरतीखाली बुडाला, आणि तिथे चरणाऱ्या पक्ष्यांना पाय टेकायला उथळ जागा हवी झाली. आधी एक बगळा आला. मान लांब करून त्यानं खार तपासली, घरमालकानं भाडेकरूची खोली बघावी तशी. नंतर शेकाट्यांचा थवा खाडीवरून वळला, एकदा डोक्यावरून गेला, परत फिरला आणि लाल पाय सोडून उतरला. खंड्या आपल्या बांबूवर येऊन बसला.

मनोरमाबाई माझा हात धरून होत्या. "पुढच्या रविवारी पण येऊया?" त्यांनी विचारलं. विचारलं हळूच, पण भूपेशपर्यंत ते पोचलं.

तो बांधावर बसून पायाचा चिखल गवतानं पुसत होता. काकांकडे न बघता म्हणाला, "पुढच्या वेळी खुर्च्या नका मागवू."

भरावाची गोष्ट त्या घरात पुन्हा निघाली नाही.

त्यानंतर दर हिवाळ्यात माणसं येत राहिली. शत्रुघ्नभाऊ त्यांना अनवाणी बांधावरून नेत आणि पक्ष्यांची ओळख गावातल्या माणसांची करून द्यावी तशी करून देत. "तो एकटाच खातो, कोनाला देत नाय." "त्या दोघी बहिनी, भांडल्याशिवाय झोपत नाय." चंद्रहास पुस्तकातली नावं सांगे, ते मान डोलावत आणि आपलीच नावं वापरत. आजूबाजूच्या खारी एकेक करून लाल झाल्या, त्यांच्यावर इमारती आल्या. ही एक पाण्याची राहिली.

दोन हजार सातच्या डिसेंबरात त्यांनी अंथरूण धरलं. शनिवारी मी भेटायला गेले. दुसऱ्या दिवशी मंडळी यायची होती. भूपेश उघाडीवर गेला होता, जिजावहिनी उशाशी बसल्या होत्या. शत्रुघ्नभाऊंचा आवाज खूप खाली गेला होता, मला पुढे वाकावं लागलं. पण ते माझ्याशी बोलत नव्हते. आयुष्यभर घरात मुके राहिलेले ते त्या दिवशी बायकोशी बोलत होते. त्यानंतर ते झोपले, आणि पहाटे गेले.

ते म्हणाले, "जिजे, उद्या पावने येतील. आंगन सारव. खारीला हात लावू नको."