झालरीमागची पिंपं

तपासणीला साहेब येणार म्हणून आमच्या कारखान्यात रासायनिक गाळाच्या गळक्या पिंपांपुढे मांडववाल्याकडची झालर लावली होती. दारात रांगोळी. लग्नघरच जणू, फक्त वास लपत नव्हता. साहेब नाकाला रुमाल लावून झालरीसमोरून गेले आणि "छान ठेवलंय" म्हणाले. मला शिसारी आली. घाण झाकायला माणसाला सणासुदीचीच कापडं कशी सुचतात?

उन्हाने घशाला कोरड पडली, तशी साहेबांनी आवारातल्या बोअरच्या नळाखाली ओंजळ धरली. आमचे मॅनेजर ओरडलेच, "अहो साहेब, ते पिऊ नका! बाटलीचं मागवतो."

दोघांनी क्षणभर एकमेकांकडे पाहिलं आणि दोघेही हसले. बाटली आली.

कुंपणाला लागूनच आमची वस्ती. तिथल्या बोअरच्या पाण्याचा आईने एव्हाना चहा ठेवला असेल.