घोटलेला अभ्रक

रोटर म्हणजे पेन्सिलीच्या तुकड्याएवढी सिरॅमिकची नळी. तिच्यात अभ्रकाची पूड ठासून भरायची, टोपी बसवायची आणि भल्या मोठ्या चुंबकाच्या पोटात हवेच्या झोतावर ती फिरवायची, सेकंदाला हजारो फेऱ्या. पूड सगळीकडे सारखी बसली नसेल तर नळी थरथरते. फारच थरथरली तर फुटते. पहिल्या खेपेला माझी फुटली. आवाज फुटाण्याएवढाच झाला, पण मशीन दोन महिने बंद पडलं. ते चालवणारे भैया मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तशी मी जात्याच भित्री. बाबा जबलपूरला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. त्यांना यायला उशीर झाला की आई दारात उभी राहायची आणि मी तिच्या पदराआड. आवाजाची भीती हे माझं बाळकडू. अशा मुलीने पीएचडीला फुटणारी नळी निवडावी, याला काय म्हणायचं!

काम मात्र मला मनापासून आवडायचं. अभ्रक थराथरांचा असतो. त्या थरांत सिलिकॉनच्या शेजारी ॲल्युमिनियमचा अणू कुठे आणि किती, म्हणजे पंगतीत कोण कोणाशेजारी बसलंय, ते शोधायचं. पंगत नीट बसलेली असेल तर पडद्यावर बारीक, वेगवेगळी शिखरं उमटतात. सगळा गोंधळ असेल तर एकच पसरट टेकडी.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. दुसऱ्या खेपेआधी मी तो अभ्रक अकीकाच्या दगडी खलात कोरडाच तीन तास घोटला. बोटांना फोड आले. नळी जराही न थरथरता फिरली आणि पडद्यावर आली पसरट टेकडी. माझे सर खूश झाले. या जातीच्या अभ्रकात अणूंची इतकी विस्कटलेली मांडणी त्यांनी कधी पाहिली नव्हती. पेपर लिहिला, पाठवलाही. माझी फेलोशिप संपत आली होती आणि पेपर छापून आल्याशिवाय प्रबंध देता येत नव्हता. माझं सगळं त्या टेकडीवर उभं होतं.

पुढच्या खेपेचा नमुना मी दिवाळीच्या सुट्टीत जबलपूरला, राइट टाउनमधल्या घरी, जेवणाच्या टेबलावर घोटत बसले होते. बाबा चहाचा कप घेऊन समोर येऊन बसले.

"काहून एवढं घोटून राहिली?"

"बारीक नसलं तर नळी फुटते, बाबा."

"अच्छा." त्यांनी चिमूटभर पूड बोटांवर घेऊन खिडकीकडे धरली. "पण चमक तर गेली न याची. मैदा करून टाकला तू."

माझा हात थांबला. चमक थरांची असते. ती गेली म्हणजे थर मोडले. म्हणजे पंगत मुळात विस्कटलेली नव्हती, मीच ती उधळली होती. थरांच्या खनिजांवर पाच वर्षं घालवलेल्या मुलीला हे पेन्शनवर आलेल्या बापाने सांगावं! बाबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही.

चार दिवस मी कुणालाच सांगितलं नाही. कुणी विचारू नये म्हणून देवाला हात जोडले, आणि त्याचीच सर्वांत जास्त लाज वाटली.

शेवटी त्याच अभ्रकाचे न घोटलेले पापुद्रे कात्रीने कापले, थर मोडू नयेत म्हणून थोड्या पाण्यात पाचच मिनिटं घोटले, वाळवले आणि ती भरड पूड घेऊन गाडीत बसले. सरांना सांगितलं, एकदा पडताळून बघते. मशीनपाशी पोचले, पूड नळीत ठासली, टोपी बसवली. नळी फिरू लागली आणि थरथरली.

"दीदी, हिल रहा है. रोक दूँ?" भैयांचं बोट बटणावर होतं.

हो म्हणायचं फार मनात होतं. नळी थांबली असती तर टेकडी वाचली असती आणि दोष नळीवर गेला असता.

"वेग धीरे बढ़ाइए," मी म्हटलं.

थरथर कमी होत होत थांबली. संध्याकाळपर्यंत पडद्यावर शिखरं उमटली, बारीक, सुटी सुटी. इतकी देखणी की मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांसमोर दोन्ही आलेख ठेवले. त्यांनी ते एकावर एक धरून पाहिले. मग त्यांनी माझी प्रयोगवही मागितली.

"घिसने का टाइम कहाँ लिखा है?"

वहीत सगळं होतं. वजन, तापमान, त्या दिवशीची हवेतली ओलसुद्धा. फक्त तेवढंच नव्हतं. तीन तास लिहिले असते तर का, तेही लिहावं लागलं असतं.

मी पेन काढलं. जुन्या नोंदीखाली आजची तारीख घालून लिहिलं: कोरडं घोटलं, तीन तास. कारण: भीती.

सरांनी ते वाचलं. 'भीती'वर पेन टेकवलं तेव्हा वाटलं, आता खोडणार. त्यांनी शेजारी सही केली आणि पेपर परत मागवण्याचं पत्र टाइप करायला घेतलं.