कोपऱ्यावरच्या मावशीचा डबा

मावशीला लकवा मारला आणि तिच्या तोंडातले सगळे शब्द गेले. एकच राहिला, "नाही". राहायचाच होता तर दुसरा एखादा राहिला असता. "ये", "बस", "चहा घे" हे तिचे जन्मभराचे शब्द होते. ते गेले, आणि जो तिने क्वचितच कुणाला ऐकवला असेल तोच नेमका मागे राहिला. मला याचा अजून राग येतो. कुणाचा, ते सांगता येत नाही.

ती माझी सख्खी मावशी नव्हे. मंगरूळपीरला आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर तिचं घर आहे आणि गल्लीतल्या सगळ्यांचीच ती मावशी. माझं माहेर याच गल्लीतलं. नोकरी इथल्याच शाळेत लागली, म्हणून लग्नानंतरही मी हलले नाही. नवराच इकडे राहायला आला. त्यावरून मावशीने त्याला पुष्कळ वर्षं "घरजावई" म्हणून छळलं होतं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, तिला समजतं सगळं, बाहेर येताना शब्द वाट चुकतात. उजवा हात लुळा पडला होता, उजवा पाय ओढत चालायची. मान हलवून सांग म्हटलं तर मानेचीही तीच तऱ्हा. हो म्हणायचं असलं तरी मान आडवीच हलायची, आणि ते लक्षात आलं की ती स्वतःवरच चिडायची. लिहायला ती कधी शिकलीच नव्हती. दूधवाल्याने विचारलं, "मावशी, दूध टाकू ना?" ही म्हणाली, "नाही." तो भला माणूस तसाच पुढे गेला. मागच्या गल्लीतली एक बाई मोठ्या मायेने भेटायला आली आणि म्हणाली, "ओळखलं का मले?"

"नाही."

ती बाई पुन्हा फिरकली नाही. मग मावशी दार लोटून बसायला लागली. जिच्या ओट्यावर दुपारभर बायांच्या गप्पा रंगायच्या, तिच्या ओट्यावर आता गल्लीतलं कुत्रं झोपायचं.

मावशीचा मुलगा पुण्याहून आला होता. तो माझ्याच वयाचा, लहानपणी आम्ही एकमेकांच्या झिंज्या उपटल्या आहेत. माणूस चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते. कारण अशा गोष्टींत मुलगा वाईट असला की सांगणाऱ्याचं काम फार सोपं होतं. तो आईला न्हाऊ घालायला बाई शोधायचा, खिचडी टाकायचा, आणि मधल्या वेळात लॅपटॉप मांडीवर घेऊन कंपनीच्या लोकांशी इंग्रजीत बोलायचा. कोजागिरीनंतर मात्र त्याला परतणं भाग होतं. त्याच्या आधी एकच गोष्ट ठरवायची होती.

एके दुपारी तो तिच्यासमोर मांडी घालून बसला. मी दारातच होते.

"माय, माह्यासंग पुण्याले येतं का?"

"नाही."

"मंग इथीच राहातं का?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने तेच प्रश्न उलटे करून विचारले. उत्तरं तीच आली. मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तसा तो उठून ओट्यावर आला.

"मी तिले तिच्या मनाविरुद्ध नेनार नाही," तो मला म्हणाला. "पन मन कसं कळाव? इथी ठेवलं अन् तिले पुण्यालेच याचं असलं, तर टाकून गेला असं वाटंन तिले. नेलं अन् तिले इथीच राहाचं असलं, तर मंग... तू शायेत पोट्ट्यायले शिकवतं ना, सांग बरं आता."

शाळेत आम्ही ज्यांना बोलता येतं त्यांनाच प्रश्न विचारतो.

तेव्हा भादव्याची पौर्णिमा जवळ आली होती. शिवारात सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं आणि चौकात सगळीकडे मळणीयंत्राचा नंबर कधी लागतो याच्याच गप्पा होत्या. एक दिवस शाळेतून येता येता मावशीकडे डोकावले, तर तिने डाव्या हाताने माझी ओढणी धरली आणि भिंतीकडे ओढायला लागली. "नाही, नाही, नाही." पाणी पाहिजे का? नाही. पंखा लावू? नाही. पाय दुखतो? तिने माझ्या पाठीत धपाटा घातला. शेवटी ती कोनाड्याकडे हात करून थांबली, मग पलंगाखालच्या पेटीकडे, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. भुलाबाई!

आमच्या वऱ्हाडात मुली भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाई बसवतात. मातीची भुलाबाई, शेजारी तिचा भुलोजी. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की घरवाली झाकलेला डबा आणून ठेवते. आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं. गोड का तिखट, कुरकुरीत का मऊ, विचारत विचारत नेम धरायचा. ओळखलं तर पोरी जिंकल्या, नाही तर "हरलो" म्हणायचं आणि मगच खायला मिळायचं.

आमच्या घरी भुलाबाई कधी बसली नाही. आमचं घर बौद्धांचं. बाबा म्हणायचे, "बसवाची नाही. गाने म्हना अन् खाऊ खा, त्याले कोनी मना केलं?" म्हणून मी गल्लीभर हिंडायचे. काही घरांत आमच्या वाट्याचा खाऊ वरून ओंजळीत टाकला जायचा, बोटाला बोट लागणार नाही असा. मावशी माझा हात धरून, मूठ उघडून, त्यात खाऊ ठेवायची आणि मूठ पुन्हा मिटवायची. तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं, एवढंच कळायचं की हिच्याकडे जास्त वेळ थांबावंसं वाटतं. म्हणून ती माझी मावशी.

आणि खाऊ ओळखू न देण्यात ती पटाईत होती. एकदा तिने सुकवलेली बिब्ब्याची फुलं, म्हणजे बिब्ब्याच्या बीमागचा गोडसर गर, ठेवली होती. अख्ख्या गल्लीने हात टेकले.

अलीकडे गल्लीत कुणीच भुलाबाई बसवत नव्हतं. पोरींना ट्यूशन होती, मोबाइल होते. मावशी तेवढी दरवर्षी पेटीतून मूर्ती काढून कोनाड्यात ठेवायची, एकटीच. यंदा तेही तिला जमत नव्हतं. तेव्हा जन्मात पहिल्यांदा मी भुलाबाई बसवली. भुलोजी चुकीच्या बाजूला ठेवला म्हणून मावशीने पुन्हा धपाटा घातला. वर बाबा बघत असतील तर त्यांनी समजून घ्यावं.

मग मी ओट्या-ओट्यावरून पोरी गोळा केल्या. मोबाइलमध्ये माना घातलेल्या पोरी अशा कशा उठतील? "डब्यात खाऊ हाये, ओळखला तरच भेटंन," म्हटलं, तशा उठल्या. गाणी त्यांना येत नव्हती, सगळी मीच म्हटली. माझा गळा म्हणजे रिकाम्या पिंपात खडे टाकल्यासारखा. पोरी गाण्याला कमी आणि मला जास्त हसल्या. मावशी पलंगाच्या कडेला स्टीलचा डबा घेऊन बसली होती. त्यात घाईघाईत मीच वाण्याकडचे फुटाणे भरले होते.

"गोड हाये?"

"नाही."

"तिखट?"

"नाही."

"खारट?"

"नाही."

"गोड नाही, तिखट नाही, खारट नाही, मंग काय माती भरली का डब्यात?"

"नाही!" मावशी म्हणाली, आणि पोरी खो खो हसत सुटल्या.

मी मावशीकडे पाहिलं. तिने मान वर केली होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिचा "नाही" ऐकून कुणी उठून गेलं नव्हतं. उलट सगळ्या सरकत सरकत पुढे आल्या होत्या. पोहे? नाही. चिवडा? नाही. शेंगा? नाही. दर्ग्याच्या बाजूला राहणाऱ्या एका चुणचुणीत पोरीने विचारलं, "फुटाने?"

"नाही," मावशी म्हणाली. पण म्हणता म्हणता तिने डबा उचलून मांडीत घेतला आणि वरून पदर ओढला.

"लबाडी! मावशी लबाडी करून राह्यली! पाहा डबा लपवला, फुटानेच हायेत!"

मावशी हसली. लकव्याने तिचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं, त्यामुळे हसूही वाकडं आलं. मला ते फार सुंदर दिसलं, आणि मी उगाच भुलाबाईचा दिवा सारखा करत बसले.

दुसऱ्या दिवशी पोरी न बोलावता आल्या. मावशी आता कोणता खाऊ ठेवायचा ते डब्यांकडे बोट करून ठरवायची. शेवयांसारखे सरगुंडे, बाजरीच्या खारोड्या, गूळ-खोबरं. रोज ती हरायची, कारण पोरींना एव्हाना गुपित कळलं होतं. तोंडाकडे पाहायचंच नाही, डाव्या हाताकडे पाहायचं. चुकीचं नाव घेतलं की हात डब्यावर नुसता पडून राहायचा. बरोबर नाव आलं की डबा पदराखाली. मावशी हात रोखायचा खूप प्रयत्न करायची, ओठ चावायची, पण हात काही ऐकायचा नाही. पोरी तिला चिडवायच्या आणि ती लटकं तोंड फुगवायची. तिचं दार संध्याकाळी उघडं राहायला लागलं. पोरींना न्यायला आलेल्या त्यांच्या आयाही ओट्यावर टेकायला लागल्या.

मी मात्र मठ्ठच. कोजागिरी तोंडावर आली तेव्हा एके सकाळी तांदूळ धुता धुता माझे हात थांबले. तोंड चुकतं, मान चुकते, पण तो हात एकदाही चुकला नव्हता. ओल्या हातांनीच मी मावशीच्या मुलाला गाठलं आणि ओट्यावर बसून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तूच विचार तिले."

"मी नाही. मले ती इथीच पायजे, माह्या विचारन्यात खोट राहीन. तुले जे ऐकाचं ते तूच विचार."

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. हात पुण्याच्या नावाला हलला तर? त्याने तिच्यासाठी खिडकीची खोली रिकामी करून ठेवली होती, त्याची बायकोही मनापासून बोलावत होती. माझ्याजवळ नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. म्हणून दोन्ही बाजू आधीच ठरवून टाकल्या. गेली तर दसऱ्या-दिवाळीला तो तिला इकडे आणणार. राहिली तर न्हाऊ घालणारी बाई पक्की करायची, जेवण माझ्या घरून, आणि रात्री सोबतीला समोरच्या घरातली विधवा काकू, जिला स्वतःच्या घरात एकटीला झोप येत नाही. हे सगळं आम्ही मावशीसमोरच बोललो. ती ऐकत होती.

कोजागिरीच्या संध्याकाळी पोरींनी ज्वारीच्या धांड्यांचा मांडव उभा केला, भुलाबाईला त्यात बसवलं. आता गाणी त्यांनाही येत होती, माझी सुटका झाली. चुलीवर दूध आटत होतं. गाणी संपल्यावर मी रिकामा डबा मावशीपुढे ठेवला.

"मावशी, यात तुमच्या मनातलं ठेवा. आज हा ओळखंन."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे, आणि डावा हात सावकाश डब्याच्या झाकणावर ठेवला. तिला कळलं होतं. पोरींनाही काहीतरी कळलं असावं, कारण त्या एकदम जवळ सरकल्या.

तो खाली मांडी घालून बसला. आधी म्हणाला, "चिवडा?" पोरी फिसकन हसल्या. मावशीने "नाही" म्हटलं.

"पुण्याले याचं?"

"नाही." हात झाकणावर तसाच होता. तो थांबला. आम्ही सगळ्या त्या हाताकडे पाहत होतो.

"माय, इथीच राहाचं?"

"नाही," मावशी म्हणाली, आणि डबा खस्सकन मांडीत ओढला. वरून पदर घेतला. एवढ्यावर भागलं नाही म्हणून की काय, अंगाने त्याच्यावर वाकून बसली.

त्याने खात्री करायला पुन्हा "इथीच?" विचारलं. तिने डबा आणखीच घट्ट धरला. मग त्याने तिच्या पायावर डोकं टेकवलं. रडत होता की हसत होता, मला दिसलं नाही, माझेच डोळे भरले होते.

"हरलो, माय," तो म्हणाला.

"हरले कुठी?" ती दर्ग्याजवळची पोर चिडून म्हणाली. तिला नियम मोडलेले खपत नाहीत. "ओळखलं ना तुमी! जिंकले तुमी. मावशी, द्या त्यायले डबा."

"नाही," मावशी म्हणाली, आणि डबा काही सोडला नाही.