चिंधूच्या छातीचं माप

दवाखान्यात मारोतराव कंपाउंडरने टेप गुंडाळून खिशात घातली आणि म्हणाला, "फरक अर्धा इंच. चल, दुसरा कोण आहे?"

चिंधूला वाटलं, चेष्टा चालली आहे. परवाच मैदानावर त्याने एका दमात समोरचे तीन गडी बाद केले होते. "कबड्डी कबड्डी" म्हणत तो घुसायचा तेव्हा लोक त्याचा दम संपायची वाट बघत बसायचे, आणि लोकांचाच धीर आधी संपायचा. भिलाईत पोलादाच्या नव्या कारखान्याच्या भट्टीचा सांगाडा उभा राहत होता. ठेकेदाराकडे रोजीवर लोखंड ओढणारी भंडाऱ्याकडची शंभर माणसं कॅम्पात राहत होती. त्यांतून कारखान्यातल्या एका खात्याच्या कबड्डी संघासाठी एकच गडी घ्यायचा होता. संघात आला की तो खलाशी, म्हणजे उंचावर चढून लोखंड बसवणारा कामगार, म्हणून पर्मनंट. कप्तान जानरावाने चिंधूचं नाव दिलं, उंची झाली, वजन झालं, आणि छातीवर येऊन सगळं अडलं.

"बाबूजी, पुन्हा एक डाव मोजा ना."

"अरे, कायदा आहे. साधी छाती कमीत कमी बत्तीस, आणि फुगवल्यावर दोन इंच वाढली पाहिजे. तुझी साधी चौतीस, फुगवून साडेचौतीस. दीडशे फुटांवर चढून काम करायचंय, तिथे अर्ध्या इंचाच्या दमावर काय करशील?"

बाहेर जानराव उभा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पहिल्या डावाले टेप लावली तवा तू काय करून राहिला होता?"

"छाती काढून उभा होतो. मोठा आकडा आला पायजे म्हून."

जानरावाने कपाळावर हात मारला. "अबे, पहिलेच भरलेल्या पिंपात आणखी पाणी कुठून भरशीन? पहिल्या डावाले ढिलं राहाचं असते!"

चिंधूच्या गावात फौजेच्या भरतीला पोरं जायची ती छाती पुढे काढूनच घराबाहेर पडायची. मापासाठी ढिलं राहायचं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

जानराव आत गेला. मारोतरावाशी काय बोलला कोण जाणे, पण आला तो एवढं घेऊन आला: उद्या सकाळी आठला एक संधी. दहा वाजता यादी जाणार. खिशातली घडीची फूटपट्टी काढून त्याने चिंधूच्या हातात दिली. "घरी मोजून पाहा. पण बत्तीसच्या खाली गेला तरी बाद, ध्यानात ठेव."

त्या दिवशी दुपारपासून चिंधू एका जागी बसला नाही. त्याची बायको भागीरथा काँक्रीटची घमेली वाहून चार वाजता खोपटात आली, तेव्हा तो सुतळी घेऊन दारातच उभा.

"हे कायले?"

"मोज मले."

तिने सुतळी छातीभोवती घेतली, चिमटीत धरली, फूटपट्टीवर लावली आणि आकडा वाचला; तेवढं तिला येत होतं. दम पूर्ण सोडून साडेएकतीस. बाद. फुगवून साडेचौतीस. आता नुसतं साधं उभं राहायचं होतं. आणि तेच होईना. सुतळी जवळ आली की त्याची छाती वर यायची. दाबून खाली न्यावी तर साडेएकतीसवर जायची. एकदा तेहतीस, एकदा पावणेबत्तीस, एकदा चौतीस.

"सुतळी दिसली का कोंबड्यावानी फुगता तुमी," भागीरथा हसायला लागली.

"हासून नको राहू! नोकरी चालली हातची."

तो बाहेर गेला, नळावरून परत आला, पुन्हा मोजायला लावलं, पुन्हा बाहेर गेला. शेजारचा फकिरा म्हणाला, "चिंधू, खोपटाले प्रदक्षिणा घालून राहिला काय बे?"

अखेर भागीरथाने भात वाढला. चिंधूने अंबाडीच्या भाजीचा घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "मीठ कुठी आहे याच्यात? रोज सांगतो, रोज तेच. हात आखडते काय तुहा?" तो बोलतच होता, तेवढ्यात मागून छातीभोवती काहीतरी आलं आणि गेलं.

"सव्वाबत्तीस," भागीरथा म्हणाली.

तो घास धरून तसाच बसला. "मी काय करून राहिलो होतो?"

"कटकट करून राहिले होते. दुसरं काय!"

सकाळी आठ वाजता दवाखान्याच्या त्या खोलीत चिंधू शर्ट काढून उभा राहिला. मारोतरावाने टेप झटकली. ती झटकल्याचा आवाज ऐकूनच चिंधूच्या बरगड्या वर चढायला लागल्या. ते त्याला कळलं. हात वर केले, टेप पाठीमागून आली, थंडगार लागली.

"मीठ कमी होतं," चिंधू म्हणाला.

"काय?"

"भाजीत, बाबूजी. अंबाडीच्या. ते लय आंबट असते, तिले मीठ नाही टाकलं का दात शिवशिवते. मी रोज सांगतो..."

"आमच्या घरीही तेच रे," मारोतराव टेप जुळवता जुळवता म्हणाला. "वरणात तर मीठ नसतंच. बोललं की म्हणते, वरून घ्या. वरून घेतल्यावर वरण होतं का ते?"

"नाही होत!" चिंधू मनापासून म्हणाला.

"सव्वाबत्तीस. आता फुगव."

चिंधूने कबड्डीच्या रेषेवर घ्यायचा तसा दम घेतला. मारोतरावाने टेप दोनदा पाहिली. "साडेचौतीस. सव्वादोनचा फरक. काल काय झालं होतं रे तुला?" आणि उत्तराची वाट न पाहता त्याने यादीत नाव लिहिलं. चिंधूला वाचता येत नव्हतं, पण नाव लिहून होईपर्यंत तो टाकाच्या टोकाकडे बघत राहिला.

शर्टाची बटणं उलटसुलट लावत तो बाहेर आला. दाराशी दुसऱ्या कुठल्या खात्याच्या भरतीची रांग लागली होती. पहिलाच गडी छाती पुढे काढून, मान ताठ करून, श्वास कोंडून उभा. डोळे लाल झाले होते बिचाऱ्याचे.

चिंधू दोन पावलं पुढे गेला आणि परत फिरला. त्याने त्या गड्याच्या पोटात बोट खुपसलं.

"आतापासून कायले फुगून राहिला बे? सोड, सोड! घरी काल भाजी कोणती होती, ते सांग पहिले."