नऊच्या वरचं पाणी

पट्टीवाल्यांना खरं नाव होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. गावात त्यांना सगळे पट्टीवाले म्हणत. पुलाच्या तिसऱ्या खांबावर काळ्या-पांढऱ्या रंगाची एक मोजपट्टी आहे, तळापासून वर नऊ मीटरपर्यंत. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला ती वाचायची, नदी कुठवर आली आहे ते रजिस्टरात लिहायचं, खाली सही करायची आणि आकडा फोनवरून कचेरीला कळवायचा, एवढीच त्यांची नोकरी. ऐकायला सोपी वाटते. एकतीस वर्षं करून बघा, म्हणजे कळेल. ताप असो, घरात पाहुणे असोत, आठ म्हणजे आठ. बायको गेली त्या दिवशीसुद्धा पाचची नोंद पाचलाच झाली होती, आणि त्यावरून भावकीत जे बोलणं झालं ते त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं.

माणसाला नोकरी चिकटते तशी ती त्यांच्या जिभेलाही चिकटली होती. बायको होती तेव्हा विचारायची, "भाजीत मीठ कमी आहे का हो?" तर हे म्हणणार, "दोन सेंटीमीटर." लेकीची उंची दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर मोजलेली, तारीख घालून, खाली सही करून. लेक शाळेत सांगत सुटायची की माझ्या बाबांना विचारल्याशिवाय नदी वाढत नाही. लहानपणीचं हे वेड तिच्या डोक्यातून पुरतं कधी गेलंच नाही, आणि पुढे जे झालं त्याला हेच मुळात कारण झालं.

त्या थंडीत एका संध्याकाळी लेक आली. पाचची नोंद होऊन गेली होती, पट्टीवाले चहा टाकत होते.

"बाबा, घर बघितलं. खालच्या गल्लीत. सगळं एका पातळीवर, दाराला एक पायरी सोडली तर चढच नाही."

लेकीची सासू वर्षभरापूर्वी पडली होती. कमरेचं हाड जुळलं, पण पाय काही पहिल्यासारखे झाले नाहीत. चढणीवरच्या त्यांच्या भाड्याच्या घराला बत्तीस पायऱ्या. दवाखान्यात न्यायचं म्हटलं की जावई पुढून आणि लेक मागून खुर्ची उचलणार. लेकीची पाठ धरायची, जावयाचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान अर्धा दिवस बंद राहायचं. म्हातारी तर वर्षभर खिडकीतून दिसेल तेवढंच जग बघत होती.

"खालची गल्ली?" पट्टीवाल्यांच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "त्या पुरात ती सबंध बुडाली होती."

"तेव्हा भिंत नव्हती. आता झालीये. पुढे पाऊस वाढणार म्हणून अर्धा मीटर जास्त घेतलीये, फलकावर लिहिलंय." लेक हसली. "आणि बाबा, बांधलीये कोणाच्या आकड्यांवर? तुमच्याच ना?"

चहा उतू गेला.

आता हे आकड्यांचं काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या पुरात पाणी पहाटे चारला नऊ मीटरला टेकलं आणि पट्टीचं शेवटचं काळं घर दिसेनासं झालं. पाणी चढतच होतं. पण पट्टीच्या पुढे लिहायचं काय? नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कचेरीतल्या जुन्या कारकुनाने कानमंत्र दिला होता: दिसेल तेवढंच लिहायचं, पट्टी बुडाली तर पट्टीचा शेवटचा आकडा लिहायचा, अंदाज लिहिलात तर रजिस्टर शेरा मारून परत येतं. सगळ्या नदीवरचे सगळे पट्टीवाले तसंच करत. यांनीही केलं. पहाटे चारपासून दुपारी तीनपर्यंत, पुरातल्या नियमाप्रमाणे दर तासाला त्यांनी लिहिलं, नऊ शून्य शून्य. अकरा तास, बारा ओळी, बारा सह्या. पुलावर उभं राहून, कमरेला दोर बांधून.

खरं पाणी कुठवर गेलं ते त्यांना ठाऊक होतं. पाणी उतरताच काठावरच्या पंपघराच्या दगडी चौकटीवर राहिलेल्या गाळाच्या खुणेवर त्यांनी किल्लीने रेघ ओढून ठेवली होती. पूर ओसरल्यावर फीत लावून बघितली. दहा मीटर चाळीस. ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. उलट महिन्याभरात कचेरीतून प्रशस्तिपत्र आलं, महापुरात एकही नोंद न चुकवल्याबद्दल. साहेबांनी हात मिळवला, फोटो निघाला. त्यानंतर "साहेब, त्या नोंदी तशा खऱ्या नाहीत" असं म्हणणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. गप्प बसले. भिंतीचं मोजमाप सुरू झालं तेव्हा त्यांना वाटलं, एवढे शिकलेले लोक, काय ते बघतीलच की. आपण मोठमोठ्या चुका अशाच करतो, दुसरा बघून घेईल म्हणून.

दुसऱ्या दिवशी आठची नोंद करून पट्टीवाले जुनं रजिस्टर काखोटीला मारून भिंतीच्या कामावरच्या इंजिनिअर बाईंकडे गेले. बाई तरुण होत्या, पण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"हे बघा बाई. बारा ओळी. सगळीकडे नऊ शून्य शून्य."

"हो काका, माहितीये मला. पाणी नऊवर येऊन स्थिर झालं होतं. आमच्या आलेखात तिथे माथा अगदी सपाट येतो."

"पाणी स्थिर नव्हतं, बाई. पट्टी संपली होती."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग रजिस्टर पुढे ओढून बारा ओळींवरून सावकाश बोट फिरवलं. शेवटच्या ओळीवरून बोट पुन्हा पहिलीवर आणलं.

"पाणी कुठवर गेलं होतं?"

"दहा चाळीस. पंपघराच्या चौकटीवर रेघ आहे माझी. चला, दाखवतो."

दोघं काठाकाठाने चालत गेली. पंपघर जिथे होतं तिथून आता भिंत गेली होती. पाया खणताना ते पाडलं होतं, आणि पाडायचा कागद या बाईंच्याच सहीने निघाला होता. चौकटीचे दगड पलीकडे राडारोड्यात पडले होते. पट्टीवाल्यांनी गुडघ्यावर बसून चार दगड उलटेपालटे केले, आणि रेघ सापडली. तीच किल्लीची, जराशी तिरकी. ते आनंदाने वर बघायला गेले आणि त्यांच्या लक्षात आलं की जमिनीवर पडलेल्या दगडावरची रेघ कुठल्याच पाण्याची उंची सांगत नाही. त्यांनी दगड हळूच खाली ठेवला, जणू कोणाला लागेल.

"काका, माझा विश्वास आहे तुमच्यावर," बाई म्हणाल्या. "पण माझ्या विश्वासाने भिंत वाढत नाही. हा पाया एवढ्याच उंचीचा भार घेईल. वर मीटरभर चढवायची तर मुळापासून पुन्हा बांधायला लागेल. तुम्ही लेखी द्या. मी वर पाठवते."

लेखी दिलं. आयुष्यात पहिल्यांदा पट्टीवाल्यांनी कागदावर लिहिलं की माझ्या नोंदी चुकीच्या आहेत. खालची सही निराळी आली, ती खोडून पुन्हा केली. दीड महिन्याने उत्तर आलं, चार ओळींचं. सदर नोंदींवर तत्कालीन मापकाची स्वाक्षरी असून त्या ग्राह्य व अंतिम मानण्यात याव्यात. तत्कालीन मापक म्हणजे हेच. आपलेच दात, आपलेच ओठ. बाईंनी ते पत्र त्यांना वाचून दाखवलं, मग घडी घालून त्यांच्या हातात दिलं. बाईंच्या बदलीची ऑर्डरही त्याच डाकेने आली होती.

राहिली लेक. पट्टीवाले तिच्याकडे गेले तेव्हा सामानाची बांधाबांध चालली होती. त्यांनी सगळं सांगितलं, कारकुनाच्या कानमंत्रापासून चार ओळींच्या पत्रापर्यंत. लेक दोरीची गाठ मारत ऐकत होती.

"बाबा, तुम्हाला झोप लागत नाहीये का हल्ली?"

"झोपेचं काय घेऊन बसलीस? मी सांगतोय आकडा खोटा आहे."

"तुमचा आकडा?" ती खरोखर हसली. "सगळ्या जगाचा चुकेल, तुमचा नाही चुकायचा. कचेरीने लिहून दिलंय ना आत्ता, नोंदी अंतिम आहेत म्हणून? तुम्ही स्वतःवरच संशय घ्यायला लागलात. आई गेल्यापासून एकटे असता, त्याचं आहे हे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि समजा असेलही खोटा. आम्ही जायचं कुठे? तुमच्याकडे? तुमच्या घराला चाळीस पायऱ्या. ऐपतीत बसणारं आणि चढ नसलेलं घर सगळ्या गावात तिथेच आहे. नदी सपाटीवरच येते, त्याला मी काय करू?"

पट्टीवाल्यांनी हात टेकले. निघताना लेक म्हणाली, "ते तुमचं प्रशस्तिपत्र मला द्या. नव्या घरात लावते." त्यांनी दिलं. नाही कसं म्हणणार?

नव्या घरात बिऱ्हाड लागलं त्या रविवारी पट्टीवाले गवंड्याची नळी घेऊन गेले. ती पारदर्शक नळी असते, पाणी भरलेली. दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीत राहतं, त्यात नदीचं आणि कचेरीचं काही चालत नाही. एक टोक त्यांनी गल्लीच्या कडेच्या भिंतीच्या माथ्याला बांधलं, म्हणजे साडेनऊ मीटरला. दुसरं खिडकीतून आत घेतलं. लेक आणि जावई शेवटचे डबे आणायला वर गेले होते. घरात सासूबाई तेवढ्या होत्या, खिडकीजवळच्या पलंगावर, काठी शेजारी ठेवून.

नळीतलं पाणी थरथरलं आणि पलंगाच्या बरंच वर, खिडकीच्या मध्यावर येऊन थांबलं. पट्टीवाल्यांनी तिथे पेन्सिलीची खूण केली. मग स्टुलावर चढून, फीत लावून, त्याच्या वर नव्वद सेंटीमीटर मोजले, म्हणजे दहा चाळीसपर्यंत. दुसरी खूण खिडकीच्याही वर गेली, दोन वीत वर. स्टुलावर उभ्या असलेल्या त्यांच्या कपाळाला छत लागत होतं.

"काय मोजताय, व्याही?"

"पडद्याची दांडी लावायचीये, विहीणबाई."

"इतक्या वर?"

ते फीत गुंडाळू लागले. म्हातारीने आधी खालच्या खुणेकडे बघितलं, मग वरच्या.

"त्या वर्षी मी इथेच होते," ती म्हणाली. "मागच्या गल्लीत भाड्याने राहायचो. कौलांवर बसून काढला दिवस. पाय होते तेव्हा." तिने पांघरूण सारखं केलं. "वरची खूण बरोबर आहे तुमची."

पट्टीवाले स्टुलावरून उतरले आणि तिच्या पायाशी बसले. ते पाणी स्वतःच्या डोळ्यांनी बघून त्यांची रेघ खरी म्हणणारं, एकोणीस वर्षांत हे पहिलं माणूस. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

"मग तुम्ही तरी सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

"ऐकतील हो. उद्याच बोचकी बांधतील आणि मला पुन्हा बत्तीस पायऱ्या वर नेऊन ठेवतील. तुमच्या लेकीची पाठ बघितलीत का तुम्ही? रात्री कण्हते, मला ऐकू जाऊ नये म्हणून उशी तोंडाशी धरते." तिने काठी उचलून दार दाखवलं. "आज सकाळी मी तिथवर गेले. माझी मी. उंबऱ्यात उभी राहून रस्ता बघितला. एवढा पुरे मला. पाणी येईल तेव्हा येईल, व्याही. कदाचित मी नसेन तेव्हा."

"आणि असलात तर?"

तिने खांदे उडवले. "दांडी लावा. ती दोघं येतील आता."

पट्टीवाल्यांनी दांडी लावली, अगदी वरच्या खुणेवर, एक सूतही खाली नाही. का लावली हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पंपघर गेलं होतं, रजिस्टर खोटं होतं. कुठेतरी एका ठिकाणी ती उंची खरी लागलेली असावी, एवढंच.

लेक आली. तिने हौसेने पडद्याची घडी मोडली, स्टुलावर चढून दांडीत ओवला आणि खाली उतरून मागे सरकली. पडदा छतापासून लोंबत होता आणि खिडकीच्या निम्म्यातच संपत होता. खालून गल्लीतली भिंत दिसत होती, पलीकडच्या आभाळासकट. बाजूलाच प्रशस्तिपत्र टांगलेलं होतं.

लेक हसायला लागली. "अहो बाबा, हे काय? माप चुकलं की तुमचं."

"तेच तर सांगत होतो तुला," पट्टीवाले म्हणाले.

तिचं हसू ओठांवर तसंच राहिलं. तिने दांडीकडे बघितलं, भिंतीच्या माथ्याकडे बघितलं, मग पुन्हा दांडीकडे. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते. बाहेर जावई दारातून शेवटचा डबा आत घेत होता आणि ओरडून विचारत होता, हा कुठे ठेवू?

लेक पुढे झाली, पडद्याचं खालचं टोक चिमटीत धरलं आणि खिडकीच्या तळापर्यंत किती कमी पडतंय ते वितीने मोजलं.

"दोन वीत कापड जोडते खालून," ती म्हणाली. "दिसणार नाही कोणाला."